शिकारी पक्ष्यावरचं पात्र घडवताना: आधी पक्षी, मग पंख, मुखवटा त्यानंतर

कॉमिक किंवा अ‍ॅनिमेशनसाठी बाज-ससाण्याचा नायक करायला घेतला की बहुतेक जण पहिल्या दिवशी मुखवटा काढतात. वाकडी चोच, कानावर दोन पिसं, पाठीला भलेमोठे पंख, छातीवर नखांचं चिन्ह. दिसायला झकास. मग पहिल्याच पानावर तो दारातून आत येतो आणि पंखांचं काय करायचं ते ठरलेलंच नसतं. तिसऱ्या पानावर तो बोलतो तेव्हा चोच ओठांवर येते. दहाव्या पानापर्यंत पंखांतल्या पिसांची संख्या चारदा बदललेली असते. खलनायक असेल तर एवढाच फरक, की सगळं काळ्या रंगात.

हात कच्चा असल्यामुळे हे क्वचितच होतं. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, मधला गाळून पुढे जाऊ नका.

तयारी

आधी एकाच पक्ष्याची चार प्रकारची छायाचित्रं जमवा: बसलेला, घिरट्या घालताना खालून दिसणारा, पाय पुढे करून भक्ष्यावर झेपावणारा आणि फांदीवर उतरणारा. चौथं सगळे विसरतात, आणि कामाचं तेच असतं. उतरताना पंख पुरते उघडतात, शेपटी पसरते, पिसांचे थर वेगवेगळे दिसतात. संथ गतीतला एखादा व्हिडिओ आणि पक्ष्याच्या पंखाच्या सांगाड्याची आकृती हवीच. ती आकृती माणसाच्या हाताच्या सांगाड्याशेजारी ठेवा.

इशारा: दुसऱ्या कॉमिकमधले पंख संदर्भ म्हणून वापरू नका. त्या चित्रकाराने काय गाळलं आणि काय सोपं केलं ते तुम्हाला दिसत नाही, त्यामुळे त्याच्या सोयीची तुमच्याकडे चूक होते.

१. पक्षी एकच निवडा

‘शिकारी पक्षी’ ही निवड नव्हे. बाज आणि शिक्रा यांचे पंख आखूड, गोलसर, शेपटी लांब. झाडीत दबा धरायचा, जवळून अचानक झडप घालायची आणि फांद्यांमधून वळणं घेत सुटायचं, यासाठीची ही बांधणी. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार. त्याला मोकळं आकाश लागतं. बहिरी ससाणा उंचावरून सूर मारतो तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. गरुड आणि तिसा रुंद पंखांवर तरंगतात. गरुडाच्या पंखाच्या टोकाची पिसं तर बोटांसारखी सुटी दिसतात. घारीची शेपटी दुभंगलेली असते आणि ती शिकारीपेक्षा हिसकावण्यात पटाईत. गिधाडाच्या पायात पकडच नाही. तो मेलेल्यावर जगतो.

बाज आणि ससाणा चुलतभाऊ वाटतात, पण जनुकीय अभ्यासांनुसार ससाण्याचं नातं पोपटांशी आणि गाणाऱ्या पक्ष्यांशी अधिक जवळचं आहे. शिकारीमुळे दोघांचे चेहरे सारखे झाले, बांधे वेगळेच राहिले. म्हणून बाजाची लांब शेपटी आणि ससाण्याचे टोकदार पंख एकाच पात्राला लावले की चित्र कुठेतरी खटकतं. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

तपासा: फक्त पंख आणि शेपटीचा सिलुएट (नुसती बाह्याकृती) काळ्या रंगात भरा. पक्षी ओळखणाऱ्या माणसाला गट सांगता आला पाहिजे.

२. पक्षी कितपत घ्यायचा ते ठरवा

प्रत्येक पात्राला पंख लागतातच असं नाही. १९६४ मध्ये आलेल्या मार्व्हल कॉमिक्सच्या हॉकआयने (हॉक म्हणजे बाज) फक्त नजर घेतली. तो धनुर्धर आहे, त्याला उडता येत नाही. डीसी कॉमिक्सच्या १९६८ मधल्या ‘हॉक अँड डव्ह’ (बाज आणि पारवा) जोडीतल्या हॉकने आक्रमक वृत्ती तेवढी घेतली आणि शांततावादी भावाशी त्याचं सतत वाजत राहिलं. याउलट १९४० च्या जानेवारीत अवतरलेला डीसीचाच हॉकमॅन म्हणजे पंख, मुखवटा, गदा असा सगळा जामानिमा.

नजर, नखं, पंख, वेग, दबा धरण्याची सवय, यांतल्या एक किंवा दोनच गोष्टी ठळक ठेवा. बाकीच्या असल्या तरी दुय्यम राहू द्या. पाचही एकदम आणल्या तर वाचकाला एकही लक्षात राहत नाही.

आता शिकारीच्या पद्धतीवरून एक वाक्य लिहा. ‘ही दबा धरते, एकदाच झडप घालते, नेम चुकला तर पाठलाग सोडून देते’, हे बाजाचं पात्र झालं. ‘हा उंची मिळाल्याशिवाय लढायलाच उतरत नाही’, हा ससाणा. वाक्य लिहिलं की कमजोरी फुकटात मिळते: ससाण्याला भुयारात गाठा, बाजाला उघड्या माळावर. खलनायकासाठी गिधाड घेतलंत तर तो स्वतः मारणारा नसावा. दोघं लढून थकतील, मग हा येईल. स्पायडरमॅनचा १९६३ मधला खलनायक ‘व्हल्चर’ (गिधाड) एड्रियन टूम्स हा म्हातारा अभियंता आहे, विद्युतचुंबकीय साजावर उडतो, गळ्याशी त्याच्या पिसांची कॉलर आहे. तरण्याबांड पिळदार माणसाला तेच नाव दिलं असतं तर निम्मी गंमत गेली असती.

आणखी एक, जे फार कमी जण वापरतात. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. नायक-नायिकेची जोडी असेल तर ती त्याच्यापेक्षा उंच आणि रुंद खांद्यांची काढा. पक्षीशास्त्र तुमच्या बाजूने आहे, आणि शेजारी उभे राहिल्यावर दोघांचे सिलुएटही वेगळे पडतात.

३. उडतो कसा, हे पंख काढण्यापूर्वी ठरवा

इथे हिशेब आडवा येतो. अर्जेंटाविस हा लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला पक्षी वजनाने साधारण माणसाएवढा होता असं मानतात, आणि त्याच्या पंखांचा विस्तार सहा मीटरच्या आसपास असावा. तोही मुख्यतः तरंगणारा. जागेवरून फडफडत सरळ वर उठणारा नव्हे. मग दोन मीटरच्या पंखांवर पिळदार माणूस उडतो तो कशाच्या बळावर? उत्तर काहीही असू द्या, पण एकच असू द्या.

हॉकमॅनचं उत्तर आहे एन्थ मेटल. गुरुत्वाकर्षणावर मात हा धातू करतो, पंख दिशा देतात. म्हणून ते लहान असले तरी चालतं. मार्व्हलचा सॅम विल्सन ऊर्फ फाल्कन (ससाणा) १९६९ मध्ये आला तेव्हा त्याला पंख नव्हतेच, सोबत होता रेडविंग हा ससाणा. पंख १९७४ मध्ये आले, तेही यंत्राचे. जपानी ‘माय हीरो अकॅडेमिया’मधल्या हॉक्सच्या पंखांतलं प्रत्येक पीस स्वतंत्रपणे हलतं, ते शस्त्रासारखं वापरता येतं आणि खर्चही होतं. ही तिसरी तऱ्हा लिहायला सगळ्यात सोयीची, कारण ताकद आणि मर्यादा दोन्ही चित्रातच दिसतात. पंख विरळ झाले की संवादाशिवायच कळतं, गडी अडचणीत आहे.

तपासा: पंख भिजले, जळले किंवा एक तुटला तर काय होतं, याचं उत्तर एका ओळीत लिहा. लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका. कथेत हा प्रसंग येणारच.

४. पंखांची रचना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पंख हा हातच आहे. खांदा, दंड, कोपर, पुढचा हात, मनगट आणि आक्रसलेला पंजा. बसलेल्या पक्ष्याच्या पंखाचा पुढे आलेला कोपरा म्हणजे मनगट. बरेच जण त्याला कोपर समजतात आणि सगळा पंख एक सांधा कमी ठेवून काढतात. असा पंख मिटत नाही. मिटायला त्याला इंग्रजी झेड अक्षरासारखी घडी लागते, आणि त्या अक्षराला दोन कोपरे आहेत.

लांब उड्डाणपिसं दोन गटांत येतात. पंजातून निघणारी प्राथमिक पिसं शिकारी पक्ष्यांत दहा असतात. पुढच्या हाताच्या हाडावर बसलेली ती दुय्यम. यांच्या मुळांवर आच्छादक पिसांचे थर, कौलांसारखे एकावर एक. अंगठ्याच्या जागी छोट्या पिसांचा एक झुबका असतो, तो हळू उडताना आणि उतरताना उभा राहतो. तेवढा एक काढलात तरी जाणकार वाचक तुमच्या बाजूने होतो.

काढण्याचा क्रम असा ठेवा:

अ) हाडांची तीन रेषांची घडी. अजून पिसं नाहीत.
आ) मनगट आणि पंखाचं टोक यांच्या जागा पक्क्या करा.
इ) मागच्या कडेची एकच सलग वक्ररेषा. ही चुकली तर पिसं कितीही सुंदर काढा, पंख पत्र्याचा वाटतो.
ई) सगळ्यात बाहेरचं प्राथमिक पीस, मग सगळ्यात आतलं, मग मधली. एका टोकापासून सुरू केलंत की शेवटी जागा कमी पडते आणि पिसं चेंगरतात.
उ) दुय्यम पिसं, जवळपास समांतर.
ऊ) मोठी आच्छादक पिसं एका रांगेत. छोटी सुटी काढू नका, सावलीचा पट्टा पुरे.

प्राथमिक पीस जवळून पाहा. मधला दांडा मध्यावर नसतो. हवेला सामोरी जाणारी पुढची बाजू अरुंद, मागची रुंद. बाहेरच्या पिसांत हा फरक सगळ्यात जास्त, आत येताना तो कमी होतो. दांडा बरोबर मधोमध आला की ते पीस शोभेचं वाटतं, उडायचं वाटत नाही.

नेहमीच्या चुका तीन. पहिली: सगळी पिसं एका बिंदूतून जपानी पंख्यासारखी उघडतात. खरं तर बाहेरची पंजातून पसरतात आणि आतली हाताच्या लांबीभर विखुरलेली असतात. दुसरी: कंगव्याच्या दात्यांसारखी सारखी लांबी. तिसरी: खांद्याला हात आहेत, पाठीला पंख आहेत आणि त्या पंखांना हलवणारा स्नायू कुठेच नाही. पक्ष्यात हे काम छातीचे स्नायू करतात. पाठीवरच्या पंखांसाठी खांद्याच्या फऱ्याखाली जास्तीचा उंचवटा द्या, छाती खोल काढा आणि कपड्यांची शिवण पंखाच्या मुळाभोवती फिरवा. अंगरखा पंखातून भुतासारखा आरपार गेलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो.

हे सहा अवयवांचं कोडं टाळायचं असेल तर पंख हातालाच जोडा. १९८६ च्या ‘सिल्व्हरहॉक्स’ या कार्टून मालिकेत आणि फाल्कनच्या सुरुवातीच्या यांत्रिक पोशाखात तेच केलं होतं. मोबदल्यात उडताना हात अडकतात, म्हणजे हवेत गदा फिरवता येणार नाही.

तपासा: मिटलेले पंख पाठीमागून, बाजूने आणि समोरून काढा. टोकं कुठवर येतात, गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत? ते मॉडेल शीटवर (पात्राची मापं आणि नियम नोंदवलेल्या संदर्भपानावर) लिहून ठेवा. अ‍ॅनिमेशनसाठी दहाऐवजी पाच-सहा प्राथमिक पिसं चालतात, फक्त आकडा शेवटपर्यंत एकच हवा.

५. डोकं आणि मुखवटा

आता मुखवटा. बाजाची रागीट मुद्रा भुवईच्या हाडामुळे येते, डोळ्यामुळे नाही. डोळ्यावर छज्जासारखी पुढे आलेली ती कड काढून टाकलीत तर तोच पक्षी भोळा दिसतो. म्हणून मुखवट्यात सगळ्यात आधी ती कड ठरवा. नायकाला ती हलकी, खलनायकाला डोळा निम्मा झाकणारी. चोच त्यानंतर.

डोळे पक्ष्यावरून घ्या. ससाण्याचे काळपट तपकिरी, भोवती पिवळं कडं, आणि डोळ्याखालून गालावर उतरणारा गडद पट्टा. बाजाचे पिवळे ते लाल. शिक्र्याचा नर तर लालभडक डोळ्यांचा. ससाण्याच्या वरच्या चोचीला कडेला एक दातरा असतो, बाजाला नसतो.

चोच माणसाच्या चेहऱ्यावर बसवताना ती नाकापाशी संपवा. जबडा आणि ओठ उघडे राहू द्या, नाहीतर संवाद म्हणताना पात्राला भावच उरत नाहीत. १९७२ च्या ‘गॅचामॅन’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेत गरुड, गिधाडवर्गी कॉन्डोर, हंस, पाकोळी आणि घुबड अशा पाच जणांच्या शिरस्त्राणांना पक्ष्याचा आकार दिला, तरी चेहरे वाचता येतात.

इशारा: शिकारी पक्ष्याचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, तो मान फिरवतो. तुमच्या पात्राने तिरक्या नजरेने पाहू नये, पूर्ण डोकं वळवावं. ही एक सवय सगळ्या पोशाखापेक्षा जास्त काम करते.

६. नखं आणि पाय

थोडक्यात: तीन बोटं पुढे, एक मागे. मागचं आणि आतल्या बाजूचं नख सगळ्यात मोठं. बाज पायांच्या पकडीने मारतो, तर ससाणा धरलेल्या भक्ष्याच्या मानेवर चोचीने घाव घालतो. त्यामुळे हल्ल्याच्या फ्रेममध्ये चोच पुढे करून झेपावणारा बाज चुकीचा. शेवटच्या क्षणी पाय पुढे, डोकं मागे, पंख वर. पक्ष्याचा उलटा वाकलेला ‘गुडघा’ खरं तर घोटा असतो. माणसाच्या पायांना तो जोडू नका, बूट आणि पोटरीचं कवच पुरतं.

७. रंग

अंगावरच्या खुणांत वय लपलेलं असतं. शिक्रा आणि बहिरी ससाणा, दोघांच्याही पिल्लावस्थेत छातीवर उभे फराटे असतात, मोठेपणी आडव्या रेघा येतात. शिकाऊ नायकाच्या पोशाखावर उभे फराटे द्या आणि तो तयार झाल्यावर आडव्या रेघा. न सांगताही बदल दिसतो. पाठ गडद आणि पोट फिकं हा नियमही पाळा, खालून दिसणाऱ्या उड्डाणाच्या पॅनेलमध्ये (कॉमिकच्या चौकटीत) रेघा ठळक येतात.

८. हालचाल

पंख खाली येताना पूर्ण उघडलेला, वर जाताना मनगटातून दुमडलेला. दोन्ही वेळा उघडाच ठेवलात तर पात्र पोहताना दिसतं. खाली जाणाऱ्या पंखाची टोकं वर वाकतात, वर येताना खाली लोंबतात. टोकं नेहमी मुळाच्या मागून येतात. की-फ्रेम (हालचालीतली मुख्य चित्रं) चार ठेवा: वरचं टोक, मधली उतरण, खालचं टोक, दुमडलेली चढण. शरीर उलट दिशेने थोडं हलवा: पंख खाली, धड वर. डोकं मात्र स्थिर. खऱ्या पक्ष्याचं डोकं शरीर हलत असताना जागचं हलत नाही.

मोठे पंख सावकाश फडफडवा. माणसाएवढं पात्र चिमणीच्या गतीने पंख मारू लागलं की सगळं वजन निघून जातं. तरंगण्याची दृश्यं भरपूर ठेवा. पक्षीही तेच करतो, आणि तुमची निम्मी ड्रॉइंग्ज वाचतात.

सूर मारताना पंख अंगाशी मिटतात; उघडलेले पंख म्हणजे ब्रेक. सूर संपवताना आधी शेपटी पसरते, मग पंख उघडतात, मग वळण. हा क्रम उलटला की पात्र हवेत आदळल्यासारखं दिसतं.

आवाजाबद्दल एवढंच: पडद्यावरच्या गरुडाला बहुधा लाल शेपटीच्या बझर्डची (रेड-टेल्ड हॉक या अमेरिकी शिकारी पक्ष्याची) कर्कश किंकाळी देतात. बाजाचा आवाज हवा असेल तर त्याच पक्ष्याचं ध्वनिमुद्रण ऐका.

९. साथीला खरा पक्षी असेल तर

रेडविंगसारखा किंवा १९९८ च्या ‘मुलान’ या डिस्नेपटातल्या खलनायक शान यूच्या ससाण्यासारखा सोबती दिला तर तो नायकाचं प्रतिबिंब होऊ देऊ नका, त्याला वेगळं काम द्या. टेहळणी, निरोप, विचलित करणं. माणसाला उचलून नेणं हे काम त्याचं नव्हे. बहिरी ससाण्याची मोठी मादीसुद्धा दीड किलोच्या आसपासच भरते. हातमोजा, पायातली चामड्याची वादी, डोळ्यांवरची टोपी ही साधनं दाखवायची तर हातमोजा कोणत्या हातात ते ठरवून मॉडेल शीटवर लिहा. पॅनेल उलटवताना तो हमखास दुसऱ्या हातात जातो.

१०. पोशाख पक्का करण्याआधीची परीक्षा

पात्राची पाच थंबनेलं (छोटी कच्ची रेखाटनं) काढा: खुर्चीत बसलेलं, अरुंद दारातून जाणारं, गर्दीत उभं, पोट जमिनीला लावून झोपलेलं आणि कोणाला तरी मिठी मारणारं. लढाईच्या पोझमध्ये प्रत्येक पंखवाला चांगला दिसतो, खरी अडचण खुर्चीत बसताना कळते. पाठ टेकत नसेल तर त्याला स्टूल द्या, पंख खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी सोडा, किंवा तो बसतच नाही असं ठरवा. जे ठरेल ते मॉडेल शीटवर लिहा आणि मगच इंकिंगला (पक्क्या शाईच्या रेषांना) हात घाला.